पूल सोडून सगळं

४ मार्च

भिंगरी,

फोन करू नकोस असं मीच तुला सांगून ठेवलंय, मग आता पत्र येत नाही म्हणून बोलू कुणाला? तलावाच्या पाण्याने माझे कान पार कामातून गेलेत. फोनवर तू काय म्हणतेस ते मला कळत नाही आणि मी काय ऐकलं ते तुला कळत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय फोनवर "मी मजेत" म्हणून माणूस सुटतो, कागदावर निदान चार ओळी तरी भराव्या लागतात.

गेल्या उन्हाळ्यापासून तू इकडे फिरकलेली नाहीस. नदीच्या त्या काठाला तू, या काठाला मी, मधे एक पूल. लोकांना गाडी चालवायला शिकवणारी माझी भाची, आणि तिला आत्याकडे यायला गाडी मिळत नाही होय? मला वाटतं तू रागावली आहेस. त्या तुझ्या छायाचित्रकाराबद्दल मी "बरी सुटलीस" म्हणाले, ते तुला लागलं असणार. बोलून गेले खरी, पण खोटं काही बोलले नाही. रागवायचं तर इथे येऊन रागव, समोरासमोर.

माझं बरं चाललंय. मोठ्या माणसांना पोहायला शिकवायचं म्हणजे डोक्याला ताप असतो. लहान पोरं निदान बिनधास्त उड्या मारतात. या वेळी वर्गात एक न्यायाधीश आहेत. कोर्टात म्हणे सगळे त्यांना चळाचळा कापतात. माझ्या तलावात उथळ बाजूला, छातीएवढ्या पाण्यात, कठड्याला घोरपडीसारखे चिकटून उभे असतात. "सोडा" म्हटलं की म्हणतात, "पुढच्या वेळी बघू."

उत्तर लिही. नाहीतर मीच येऊन थडकेन.

आत्या


११ मार्च

आत्या,

रागावले वगैरे काही नाही गं. छायाचित्रकाराबद्दल तू जे बोललीस, त्याहून वाईट मी स्वतः आरशासमोर उभी राहून बोललेय. कामच फार आहे. सकाळी उजाडल्यापासून शिकाऊ लोक रांग लावून असतात. मी आपली शेजारच्या सीटवर, पायाशी माझा वेगळा ब्रेक नि क्लच, आणि तोंडाने अखंड "आरसा बघा, आरसा बघा."

उगाच बढाई मारत नाही, पण माझ्या हातचा माणूस चिंचोळ्या बोळातून गाडी अशी काढतो की बघत राहावं. उलटी लावणं, चढावर थांबवून पुन्हा उचलणं, सगळं चोख. फक्त सध्या नशीब साथ देत नाहीये. माझे शिकाऊ परीक्षेत एकामागून एक नापास व्हायला लागलेत. शिंपीणबाई गेल्या, दंतवैद्य गेले, ते दोघे जुळे भाऊ तर एकाच दिवशी गेले. परीक्षक त्यांना पुलावर नेतो आणि तिथे सगळ्यांची दाणादाण उडते. महाखडूस आहे तो परीक्षक. आमच्या शाळेचे मालक आठवतात ना तुला, मिशीवाले, गाडीला "जहाज" म्हणणारे, ज्यांना सगळे कप्तान म्हणतात? ते हल्ली माझ्याकडे बघून नुसतं "हं" म्हणतात. कप्तानांचं "हं" म्हणजे दुसऱ्याच्या चार शिव्या.

बाकी ठीक. झोप जरा कमी होते. मधूनच छाती धडधडते, पण कॉफी जास्त होत असेल.

न्यायाधीशांना माझा नमस्कार.

तुझी,
भिंगरी


१५ मार्च

भिंगरी,

माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, "तसं मला पोहता येतं, फक्त खोल पाण्यात नाही." तुझं पत्र अगदी तसं आहे. मोठमोठ्या गप्पा वर आणि खरी गोष्ट तळाशी, कॉफीखाली दडपलेली.

सगळे पुलावरच कसे नापास होतात? शिंपीण, दंतवैद्य आणि जुळे भाऊ, यांच्यात सारखं काय आहे? शिकवणारी. तेव्हा मला एका शब्दात उत्तर दे. तू त्यांना पुलावर नेतेस की नाही?

आणि धडधडतं म्हणजे काय, किती वेळा आणि केव्हा? मला गुंडाळू नकोस. तुला लंगोटात असल्यापासून ओळखते मी.

आत्या


२० मार्च

आत्या,

नाही.

नेत नाही. मागच्या उन्हाळ्यापासून एकाही शिकाऊला मी पुलावर नेलेलं नाही, आणि हे इतकं स्वच्छ मलाही आत्ता, लिहिताना, पहिल्यांदा दिसलं. बाजारातून नेते, शाळेसमोरून नेते, टेकडीच्या चढावर नेते, गोदामांमागच्या मोकळ्या जागेत आठाचा आकडा काढायला लावते. पूल सोडून सगळं. कुणी विचारलं तर "तिकडे काम चाललंय" म्हणते. दंतवैद्यांनी एकदा विचारलं, "बाई, वर्षभर काम चाललंय?" मी म्हटलं, "सरकारी काम आहे."

झालं असं. एका कॉलेजातल्या मुलीला शिकवत होते आणि पुलाच्या मधोमध गाड्या तुंबल्या. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना कठडे, खाली पाणी. काही म्हणजे काही घडलेलं नव्हतं. आणि एकदम छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, संपलं. हात गार, तोंड कोरडं, समोरचं सगळं लांब लांब गेल्यासारखं. श्वास घेतेय, घेतेय, पण तो पोचतच नाही. मी मरतेय याची मला खात्री होती आत्या. डोक्यात एकच विचार, की मी मेले तर ही पोरगी गाडी इथून काढणार कशी, हिला अजून दुसरा गिअरसुद्धा धड पडत नाही.

नंतर दवाखान्यात गेले. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, सगळं ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "पॅनिक अटॅक आहे, विश्रांती घ्या." इतकी लाज वाटली म्हणून सांगू! हार्ट अटॅक असता तर निदान चार लोक भेटायला तरी आले असते.

मग तो पुन्हा आला. दुकानातल्या रांगेत आला. केस कापायला बसले होते, गळ्याभोवती कापड गुंडाळलेलं, तिथे आला. अर्धे केस कापलेले तशीच उठून पळाले आणि आठवडाभर टोपी घालून शिकवलं. हल्ली तर "येईल का, येईल का" या धास्तीनेच येतो. आधी मी पूल टाळला. मग पुलाकडे जाणारा चौक नको झाला. आता चौकाच्या अलीकडचा पेट्रोलपंप दिसला तरी नजर वळवते.

आणि तुझ्याकडे यायचं तर पूल ओलांडावा लागतो. म्हणून येत नाही. छायाचित्रकाराचा काडीचा संबंध नाही, त्याला एवढं महत्त्व देऊ नकोस.

कप्तानांना सांगितलं तर माझ्याकडून गाडी जाईल. मला दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंच नाही. त्या शेजारच्या सीटवर बसले की मी कुणीतरी असते. ती सीट गेली तर काय करू, ते मला खरंच सुचत नाही.

भिंगरी


२४ मार्च

माझ्या बाळा,

पत्र वाचून आधी रडले, मग भांडी आपटली, मग लिहायला बसले. एवढे महिने एकटीने काढलेस! आणि मी इथे बसून म्हणतेय, छायाचित्रकारावरून रुसली असेल. स्वतःच्या अकलेचा राग आलाय मला.

आता नीट ऐक. तो आला की खोल श्वास घ्यायचा. पोटापर्यंत भरायचा, गच्च धरायचा, पुन्हा घ्यायचा. सूर मारायच्या आधी आम्ही घेतो तसा. छाती मोठी झाली की भीतीला जागाच राहत नाही.

दुसरं. विश्रांती घ्या म्हणून घरी पाठवणारे डॉक्टर असतील मोठे, पण तुला या प्रकारातलं कळणारं माणूस हवंय. शोध.

तिसरं तुला आवडणार नाही. कप्तानांना सांग. तुझ्या पायाखाली तो ब्रेक काय शोभेचा आहे? दुसऱ्याचा जीव त्या ब्रेकवर असतो. तू घाबरलीस म्हणून मी तुला एका शब्दाने बोलणार नाही, पण हे लपवून गाडीत बसलीस तर कान उपटेन. पंधरवड्यात तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मी बहिरी आहे, मुकी नाही.

तुझीच आत्या


३ एप्रिल

आत्याबाई,

तुमच्या खोल श्वासाने माझा जीव घेतला होता!

पोस्टात रांगेत उभी होते, छातीत सुरू झालं. म्हटलं, आत्याचा उपाय. घेतला, भरला, धरला, पुन्हा घेतला. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, खांब धरून खाली बसले. खिडकीतला कारकून पाणी घेऊन धावला. तुझ्या नावाने मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पण तुझं दुसरं ऐकलं. एक समुपदेशक बाई सापडल्या. त्यांच्या खोलीत एक करकरणारी खुर्ची आहे आणि मरायला टेकलेलं एक झाड. मनात म्हटलं, हिला झाड जगवता येत नाही, ही मला काय जगवणार! पण बाई फार हुशार. म्हणाल्या, "तुमच्यात हवा कमी नाहीये, जास्त झालीये. घ्यायचं काम शरीर आपोआप करतं. तुम्ही फक्त सोडा. सावकाश, ओठांतून, गरम चहावर फुंकर घालता तसा." आणि मग म्हणाल्या, त्याला घालवायला जाऊ नका. शरीराची धोक्याची घंटा बिघडलीय, नको तेव्हा वाजते, वाजू द्या. तो चढतो, थोडा वेळ टिकतो आणि उतरतो. "आजवर आलेला एक तरी उतरल्याशिवाय राहिलाय का?" मी बराच विचार केला. नाही राहिला. हे मला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं.

गोळ्यांचं विचारलं. म्हणाल्या, लागल्या तर डॉक्टर देतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण आधी हे करून बघू. कॉफी कमी, जेवण वेळेवर, झोप वेळेवर. आणि टाळणं बंद. मी टाळत गेले तशी भीती लाडावत गेली, असं त्यांचं म्हणणं.

आता तिसरं. परवा शिंपीणबाईंची शिकवणी होती, त्यांना पुन्हा परीक्षा द्यायचीय. चौकाशी आलो आणि वाटलं, आता येणार तो. काही कारण नसताना माझा पाय ब्रेकवर. गाडी भर चौकात गचकन थांबली. मागचा टेम्पो अगदी हातभर अंतरावर थांबला आणि टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिंपीणबाई पांढऱ्याफटक. म्हणाल्या, "माझं काय हो चुकलं?"

"तुमचं काही नाही. माझं चुकलं," म्हटलं. गाडी कडेला घ्यायला लावली आणि सगळं सांगून टाकलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण मग मला पूल कोण शिकवणार?"

रोखठोक बाई. त्या वाक्याने मला जेवढं जागं केलं तेवढं तुझ्या धमकीनेही केलं नव्हतं. टेम्पोचा ब्रेक जरा कच्चा असता तर? उद्या सकाळी कप्तानांना सांगते. हे पत्र आत्ताच पेटीत टाकते, म्हणजे मागे फिरायची सोय नाही.

तुझी,
भिंगरी


७ एप्रिल (पोस्टकार्ड)

हरले गं. जन्मभर मी लोकांना काय शिकवते? पाण्यात तोंड घाला आणि बुडबुडे काढा. घाबरलेला माणूस श्वास घेत सुटतो, सोडायचं विसरतो, मग घ्यायला जागाच उरत नाही. रोज घसा फोडून हेच ओरडते आणि तुला मात्र नेमकं उलटं लिहिलं. पाण्याबाहेर आले की माझी अक्कल टॉवेलात राहते. कप्तान काय म्हणाले? ताबडतोब कळव. जागा संपली. आ.


२२ एप्रिल

आत्या,

ताबडतोब कळवलं नाही, कारण काही दिवस कुणाशी बोलावंसंच वाटत नव्हतं.

कप्तान गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. पूल, चौक, टेम्पो, नापास झालेले सगळे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. फडक्याला हात पुसले. म्हणाले, "किल्ली दे."

दिली.

मला वाटलं होतं पाठीवर हात ठेवतील, "होतं असं पोरी" म्हणतील. काही नाही. दुसऱ्या दिवसापासून मी आतल्या खोलीत, फळ्यासमोर. लोहचुंबकाच्या चिमुकल्या गाड्या फळ्यावर सरकवते आणि "चौकात आधी कुणी जायचं" ते शिकवते. बाहेर माझी गाडी सुरू झाली की आवाजावरून कळतं, कुणीतरी क्लच जाळतंय. शिंपीणबाईंना कप्तान स्वतः पुलावर नेतात. मी खिडकीतून बघते आणि जळते. हो, जळते, लिहायला लाज कसली.

काल शेवटी ते आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आपल्या शाळेची रीत विसरलीस का?"

तुला ही रीत सांगितली नसेन. आमच्याकडे कुठल्याही शिक्षकाला गाडी द्यायच्या आधी त्याला खुद्द कप्तानांना शिकवावं लागतं. ते शिकाऊच्या जागी बसतात आणि अडाण्याचं असं काही सोंग आणतात की विचारू नकोस. इंडिकेटर लावायचा तर वायपर फिरवतील, क्लचच्या जागी ब्रेक दाबतील, वर तुझ्याशी वाद घालतील. कप्तानांइतका गाढव शिकाऊ शोधून सापडणार नाही. त्यांना न ओरडता, न घाबरता गाडी चालवायला लावली तर तुम्ही पास. मी मागे एकदा झालेय.

म्हणाले, "पुन्हा मला शिकव. या वेळी पुलावर. तुला वाटेल तेव्हा. पार पडलं तर किल्ली तुझी. नाही पडलं तर फळा तुझा, कायमचा."

एवढं बोलून गेले. जाताना फळ्यावरची एक गाडी सरळ करून गेले.

माणूस इतका कोरडा कसा असतो गं?

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरी,

कोरडा? अगं, तुला काढून टाकलं असतं तर? दुसऱ्या कुणाला तुझी गाडी देऊन मोकळा झाला असता तर? त्याने तुझी जागा तुझ्यासाठी धरून ठेवलीय, आणि तोवर शिंपीणबाईंचा जीवही सांभाळलाय. गोंजारणारे पुष्कळ भेटतील. उगाच कुरकुर करू नकोस.

पण त्याच्या बोलण्यातली एक गोम मात्र ओळख. "वाटेल तेव्हा" म्हणाला ना? तसं वाटायची वाट बघत बसलीस तर म्हातारी होईपर्यंत फळाच पुसशील.

आमच्या न्यायाधीशांनी काल कठडा सोडला. भीती गेली म्हणून नाही हं. मला विचारलं, "बुडणार नाही याची हमी आहे का?" मी म्हटलं, "हमी कसली मागता, मी उभी आहे ना इथे!" थरथरत सोडला. थरथरतच तरंगले. नंतर कठड्यावर बसून म्हणाले, "मला वाटलं होतं, आधी थरथर थांबावी लागते." मी म्हटलं, पाण्याला थरथर चालते, हिसकाहिसकी चालत नाही.

मी येऊन पुलावर उभी राहू का? हातात टॉवेल घेऊन? खरंच सांगतेय. तुझी गाडी येताना दिसली की हात करेन.

आत्या


२३ मे

आत्या,

मुळीच येऊ नकोस! समुपदेशक बाईंनी माझी पाण्याची बाटली काढून घेतली, खिडकी उघडी ठेवायची सवय सोडवली, मैत्रिणीला फोन लावून चालत राहायचं तेही बंद. या सगळ्या कुबड्या म्हणे. त्यांना कळलं की पुलावर माझी आत्या टॉवेल घेऊन उभी आहे, तर करकरणाऱ्या खुर्चीतून खाली पडतील.

सुरुवात पेट्रोलपंपापासून केली. नुसती जाऊन उभी राहायची. पंपावरच्या माणसाला वाटलं मी कुणाची तरी वाट बघतेय. मग चौक. मग पुलाच्या पदपथावरून चालत, आधी थोडं, मग पार पलीकडे. तुझ्या काठाला पाय लावून परत आले एक दिवस, तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस.

बसमधून गेले तेव्हा आला. जोरात आला. मनात म्हटलं, ये, बस. मेल्याला "ये" म्हटल्यावर आणखीच चढला. मी फुंकर घालत बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बरं नाही का?" मी म्हटलं, "पॅनिक अटॅक आहे, उतरेल थोड्या वेळाने." म्हणाल्या, "बरं. मग तोवर माझी पिशवी धरा, मला चष्मा शोधायचाय." मी पिशवी धरली. त्यांनी चष्मा शोधला. पूल संपला. आपल्याला वाटतं तितकं लोकांना आपलं काही वाटत नाही गं.

सगळंच काही सरळ चाललंय असं नाही. मागच्या आठवड्यात स्वतः गाडी घेऊन निघाले आणि चौकातून वळवली. पंपावर थांबवून ढसाढसा रडले. इतकी मेहनत पाण्यात गेली असं वाटलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग दुसऱ्या दिवशी काय केलंत?" मी म्हटलं, "पुन्हा गेले." "झालं तर मग," म्हणाल्या आणि झाडाला पाणी घालायला उठल्या.

आता गाडी घेऊन पूल ओलांडते. कधी येतो, कधी येत नाही. पण शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्याच्या हातात चाक देऊन, अजून गेलेले नाही. खरं भय तिथेच आहे. कप्तानांना सांगून टाकलंय, येत्या बुधवारी पुलावर जाऊ.

मला वाटत नाहीये की मी तयार आहे. पण तुझं ऐकलंय.

भिंगरी


३० मे

आत्या,

पहिल्यापासून सांगते, मधे उड्या मारून शेवट वाचू नकोस.

कप्तान ठरल्या वेळी शिकाऊच्या जागी येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, ही सुरू करायला कुठे दाबायचं असतं?" सोंग सुरू. मी पट्टा बांधला. म्हटलं, "आधी आरसा." "कशाला? मी सकाळीच केस विंचरलेत." रस्त्याला लागलो. पंप गेला. चौकात त्यांनी इंडिकेटर न देता गाडी वळवायला घेतली, मी चाक धरलं आणि म्हटलं, "मागच्याला काय स्वप्न पडणार आहे, तुम्ही कुठे वळताय ते?" मला मजा वाटायला लागली होती. किती महिन्यांनी त्या सीटवर बसले होते मी!

पुलाच्या चढाला लागलो आणि गाड्या मंदावल्या. मग थांबल्याच. पुढे ट्रक, मागे बस. तीच जागा म्हटलंस तरी चालेल.

आला. अगदी पहिल्यासारखा आला, आत्या. छाती, हात, तोंड, सगळं. दार उघडून पळावं असं वाटलं, आणि पळायला जागा नव्हती. मी फुंकर घातली. पुन्हा घातली. काही फरक पडला नाही. म्हटलं, राहा बाबा.

पुढचा ट्रक हलला. कप्तानांनी क्लच सोडला, गाडीने गचका खाल्ला आणि बंद पडली. चढावर. मागे बसकडे सरकायला लागली. माझा पाय ब्रेकवर गेला, या वेळी कारण होतं म्हणून गेला. मागून हॉर्नचा कल्लोळ. मी म्हटलं, "हँडब्रेक ओढा." आवाज चिरका निघाला, पण निघाला. "क्लच पूर्ण दाबा. न्यूट्रल. आता चालू करा." त्यांनी चालू केली, गिअर टाकला आणि पुन्हा बंद पाडली. मला असा संताप आला! बस अंगावर टेकलीय, माझा जीव जातोय आणि यांचं नाटक संपत नाही. तरी आवाज चढवला नाही. म्हटलं, "हॉर्न वाजू द्या. त्यांना घाई आहे, आपल्याला नाही. तुम्ही फक्त माझं ऐका. क्लच. पहिला गिअर. थोडा ॲक्सिलरेटर. आता क्लच हळू... आणखी हळू... गाडी ओढ घेतेय, कळतंय? हँडब्रेक सोडा."

गाडी उचलली. पूल उतरलो. पलीकडे एका दुकानासमोर मी गाडी कडेला घ्यायला लावली.

मग त्यांच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, "एकदा बंद पाडलीत ते ठीक, दुसऱ्यांदा जरा अतीच झालं." ते चाक धरूनच बसले होते. तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट बघितलं. सदरा घामाने चिकटलेला, आणि चाकावर हात थरथरत होते.

"ते सोंग नव्हतं गं," कप्तान म्हणाले. "वर चढलो आणि तुझा चेहरा बघितला. पार पांढरा पडला होता. मला वाटलं, या पोरीला मीच इथे आणून मारतोय. मग माझे पाय कुठे आहेत तेच मला कळेना. आयुष्यात माझी गाडी कधी बंद पडली नव्हती."

"मग चढावरून काढलीत कशी?"

"तू सांगत होतीस तसं करत गेलो," म्हणाले. "दुसरं काय करणार?"

आणि कप्तान, मिशीवाले कप्तान, माझ्यासमोर डोळे पुसायला लागले. म्हणाले, "परत तू चालव, माझे पाय लटपटताहेत. आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव."

किल्ली मिळाली, आत्या! शनिवारी तुझ्याकडे येतेय. शिंपीणबाई गाडी चालवणार आहेत, सोमवारी त्यांची परीक्षा आहे आणि त्यांना पुलाचा सराव हवाय. दोघींचं जेवण कर.

आणि तू विचारणारच म्हणून लिहिते. तो अटॅक नक्की कधी उतरला ते मला सांगता येणार नाही. एरवी मी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पहारा देत बसते. या वेळी बघायचं राहूनच गेलं. मी समोरच्या दुकानातून कप्तानांसाठी पाणी आणत होते.

तुझी,
भिंगरी